मॉक ड्रिल घेताना या चुका टाळा

एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, तपासणी जवळ आली की सोलापुरातल्या रुग्णालयांतही कोड ब्लूच्या (रुग्णाचं हृदय अचानक बंद पडलं तर करायच्या धावपळीच्या) मॉक ड्रिलची लगबग सुरू होते. वेळ बहुधा सकाळी अकराची. मोठे सर हजर, सिस्टरांना आदल्या दिवशीच निरोप गेलेला. मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या बाहुलीची, छाती दाबली जाते, फोटो निघतात, रजिस्टरवर सह्या होतात, चहा येतो. फाईल तयार होते, पण रुग्णालयातला एकही दोष सापडत नाही.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ड्रिल म्हणजे स्टाफची परीक्षा असं धरलं जातं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल छाती दाबायची, हे स्किल लॅबमध्येही शिकवता येतं. चालू वॉर्डात सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या प्रसंगासारखा सराव, करायचं ते वेगळ्या गोष्टी बघायला. ऑक्सिजन सिलिंडर उघडायची चावी सिलिंडरलाच बांधलेली आहे का? स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावतं का? राहत्या बंगल्याचं नर्सिंग होम झालं असेल तर हा प्रश्न हमखास विचारावा.

समजा, रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं ड्रिल लावलं. महागडी बाहुली लागत नाही. एखादी सिस्टर रुग्ण होते, गाऊनखाली लाल पाण्याची पिशवी. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव थांबावा म्हणून द्यायचं इंजेक्शन, मागितलं जातं. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं असतं आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, म्हणून ते फ्रिजमध्ये असणं बरोबरच. पण फ्रिजला कुलूप, आणि किल्ली इनचार्ज सिस्टरच्या कपाटात. इनचार्ज दिवसपाळीच्या. सकाळी अकराच्या ड्रिलमध्ये हे कुलूप कधीच दिसणार नाही.

तेवढ्यात नातेवाइकांना रक्ताची सोय करायला सांगायचं असतं. ते अक्कलकोटच्या पलीकडून आलेले, कन्नडच बोलणारे. पाळीवर कन्नड येणारी एकटी मावशी, आणि तिला ‘ड्रिल आहे, बाहेर थांबा’ म्हणून सांगितलेलं. ही दुसरी चूक. मावशी, मामा, लिफ्टवाला, गेटवरचा वॉचमन, ब्लड बँकेतला टेक्निशियन यांना वगळून केलेलं ड्रिल अर्धवटच. खऱ्या रात्री हीच माणसं धावतात.

सरावाची औषधं खऱ्या ट्रॉलीत राहून जाणं, ही चूक मात्र थेट जिवावर बेतू शकते. मुदत संपलेल्या किंवा नुसत्या पाण्याने भरलेल्या अँप्युल वापरत असाल तर प्रत्येकीवर ‘फक्त सरावासाठी’ अशी ठळक चिठ्ठी लावा, आधी मोजा, नंतर मोजा. वॉर्ड भरलेला असेल, खरा अत्यवस्थ रुग्ण असेल, तर ड्रिल रद्द. तो निर्णय पाळीवरच्या सिस्टरचा असावा, साहेबांचा नको. शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांनाही आधी कल्पना द्या. नाहीतर भलताच गोंधळ व्हायचा.

आता डिब्रीफिंग, म्हणजे ड्रिल संपल्यावर सगळ्यांनी बसून केलेली चर्चा. खरी कमाई इथे होते आणि सगळ्यात कमी वेळही इथेच दिला जातो. दहा मिनिटांच्या ड्रिलला वीसेक मिनिटं बोलणं हवं, तेही लगेच, त्याच जागी. मोठ्या सरांनी पहिलं बोलायचं नाही. ते बोलले की बाकीच्यांचं बोलणं संपलं! ‘कोणी चुकलं?’ हा प्रश्न तर वर्ज्यच. काय दिसलं ते सांगावं आणि विचारावं: “सिस्टर, ऑक्सिटोसिन मागितल्यापासून हातात यायला चार मिनिटं गेली, मला काळजी वाटली. तुमच्याकडे तेव्हा काय चाललं होतं?” एवढ्यावर किल्लीची गोष्ट बाहेर येते. “इतका वेळ का लावलात?” म्हटलं तर फक्त “सॉरी सर” येतं.

सगळे गप्प बसले तर? सुरुवात मावशींपासून करा: “तुम्हाला कशाची अडचण झाली?” एकच जण बोलत सुटला तर त्याचा मुद्दा फळ्यावर लिहा आणि पुढच्याकडे वळा. ‘सगळं छान झालं’ असं एकमत झालं तर समजावं, कोणीतरी काहीतरी गिळलंय. कोणाचा हात खरोखर चुकला असेल तर ते चारचौघांत नको, नंतर बाजूला घेऊन बोला.

शेवटची चूक कागदावरची. डिब्रीफिंगनंतर ‘सर्वांनी दक्षता घ्यावी’ असं परिपत्रक निघतं, किंवा पुन्हा ट्रेनिंग लावलं जातं. हे दोन्ही उपाय सगळ्यात कमकुवत, कारण ते थकलेल्या माणसाच्या आठवणीवर विसंबतात. जिथे चूक करताच येणार नाही अशी व्यवस्था होते, तो उपाय पक्का. कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम क्लोराइड (पातळ न करता शिरेतून दिलं गेलं तर जीव घेऊ शकणारं औषध) वॉर्डाच्या साठ्यातून काढून घेणं हे त्याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण. आपल्या फ्रिजपुरतं बोलायचं तर कुलूप काढा. चोरीची भीती असेल तर किल्ली पाळीबरोबर हातोहात द्या आणि ड्युटी बदलताना सहीच्या वहीत तिची नोंद करा. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिहा. ‘प्रशासन’ हे नाव धरू नका.

तारीख उलटली की तेच ड्रिल त्याच पाळीवर, न सांगता, पुन्हा लावा. या वेळी घड्याळ फक्त औषध मागितल्यापासून हातात येईपर्यंत लावलं तरी पुरे.