जाणिवेवर संशोधन करायचंय? आधी बटणाचा घोळ समजून घ्या

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बीएस्सीच्या मुलामुलींचा प्रश्न बहुतेक एकच असतो : मेंदूत जाणीव कशी निर्माण होते यावर काम करायचं असेल तर जायचं कुठे? या विषयाच्या नावाची पदवी शोधत बसू नका. प्रवेश मिळतो तो कॉग्निटिव्ह सायन्स किंवा न्यूरोसायन्स या नावाने. गांधीनगर, दिल्ली आणि कानपूरच्या आयआयटी, प्रयागराजला अलाहाबाद विद्यापीठाचं कॉग्निटिव्ह सायन्सचं केंद्र, मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, बंगळुरूची आयआयएस्सी आणि निम्हान्स ही नावं तुम्ही एव्हाना शोधलीच असतील. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, ते संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा. कोचिंगवाल्यांच्या पोस्टवर विसंबू नका.

फिजिक्स, गणित, मानसशास्त्र, बायोलॉजी, कुठूनही आलात तरी चालतं. संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कच्ची असेल तर मात्र चालत नाही. मेंदूच्या भागांची नावं सहा महिन्यांत पाठ होतात, संख्याशास्त्राची समज तशी येत नाही. हे मी फार कळकळीने सांगते आहे, कारण आपल्याकडे प्रॅक्टिकलची वही सुंदर असते आणि आकड्यांवर कुणी प्रश्नच विचारत नाही.

विषय आपल्या मातीला परका आहे असं समजू नका. अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे होते, आणि ज्ञाता स्वतःला कसा जाणतो यावरचा त्यांचा ग्रंथ १९३० साली अमळनेरहूनच प्रसिद्ध झाला. क्वांटम आणि आत्मा एकत्र कालवणारे व्हिडिओ बघण्यापेक्षा या परंपरेतली दहा पानं नेटाने वाचा. शनिवार-रविवारची 'न्यूरोसायन्स' प्रमाणपत्रं तर घेऊच नका. मुलाखतीत ती पुढे केली की समोरच्याचा चेहरा पडतो.

आता सापळ्याकडे येते. यात माझा प्रबंधाचा पहिला प्रस्ताव अडकला होता, म्हणून जरा लांबण लावते.

१९९० साली फ्रान्सिस क्रिक आणि क्रिस्टॉफ कॉख या शास्त्रज्ञांनी सुचवलेली वाट दिसायला साधी आहे : एखादी गोष्ट जाणवते तेव्हा मेंदूत नेमकं काय घडतं ते शोधा. म्हणून प्रयोग असा करतात. चेहऱ्याचं चित्र काही मिलिसेकंदच दाखवायचं, लगेच त्यावर दुसरा नक्षीदार पडदा टाकायचा. तेच चित्र कधी दिसतं, कधी दिसत नाही. दिसलं की बटण दाबायचं. या वेळी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेची नोंद घेतात, तिला ईईजी म्हणतात. मग 'दिसलं'च्या ईईजीमधून 'दिसलं नाही'चा ईईजी वजा करायचा. उरलं ते जाणिवेचं, असं वाटतं. त्यात चित्रानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांच्या पुढे एक मोठी, देखणी लाट येते. तिचं नाव पी-थ्री-बी. ती पहिल्यांदा आपल्या स्क्रीनवर उमटली की उत्तर हाती लागलं असंच वाटतं.

थांबा. ज्याला चित्र दिसलं, त्याने आणखी काय काय केलं? ते लक्षात ठेवलं, 'हो, दिसलं' असा निर्णय घेतला, बोट हलवायची तयारी केली. न दिसलेल्याने यातलं बरंचसं केलं नाही. म्हणजे वजाबाकीत जाणिवेसोबत हे सगळं आलं. शिवाय चित्र येण्याआधी लक्ष जास्त होतं की कमी, तेही आलं. केळीच्या बागेत मोटर चालू होते, ठिबकमधून पाणी पडतं, माती ओली होते. तिन्ही गोष्टी नेहमी एकत्र दिसतात, म्हणून ओल्या मातीला ठिबक म्हणता येत नाही. जाणिवेआधी लागणारं, प्रत्यक्ष जाणीव आणि जाणिवेनंतर घडणारं, हे तीन कप्पे तुमच्या प्रयोगात वेगळे पडतात का, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा.

मायकेल पिट्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली हे फार सुंदर दाखवलं. पडद्यावर बारीक रेषांचं जाळं, मधूनच रेषा जुळून चौकोन तयार व्हायचा. लोकांना काम मात्र भोवतीच्या वर्तुळाकडे लक्ष ठेवायचं. पहिल्या फेरीत जवळपास निम्म्यांना चौकोन जाणवलाच नाही. मग त्यांना चौकोनाबद्दल विचारलं गेलं. दुसऱ्या फेरीत काम तेच, पण आता चौकोन दिसत होता. तिसऱ्या फेरीत चौकोनाचंच काम दिलं. पी-थ्री-बी आली ती तिसऱ्या फेरीत. दुसऱ्या फेरीत चौकोन स्वच्छ दिसत असूनही ती नव्हती. माझा प्रस्ताव ज्या लाटेवर उभा होता, ती लाट कामाची निघाली, दिसण्याची नव्हे.

म्हणून आता लोक बटणाशिवाय प्रयोग करतात. एका डोळ्याला डावीकडे सरकणाऱ्या रेषा, दुसऱ्याला उजवीकडे. दर काही सेकंदांनी यातली एकच जाणवते आणि डोळ्यांची सूक्ष्म हालचाल तिच्यामागे जाते. ती हालचाल मोजली की विचारावंच लागत नाही. २०१४ साली असं करून पाहिल्यावर मेंदूच्या पुढच्या भागातली बरीचशी सक्रियता मावळली. याचा अर्थ पुढचा भाग बिनकामाचा, असं लिहू नका. तो उलट्या बाजूचा खड्डा आहे.

हा घोळ प्रयोगशाळेपुरता नाही. प्रतिसाद नाही म्हणजे जाणीव नाही, असं दवाखान्यातही धरलं जातं. भूल देताना एका हाताला पट्टा बांधून स्नायू सैल करणारं औषध त्या हातात जाऊ देत नाहीत, मग पेशंटला हात दाबायला सांगतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६० पेशंटपैकी ४.६ टक्क्यांनी श्वासाची नळी घातल्यानंतर हात दाबून प्रतिसाद दिला. २०२४ साली मेंदूला इजा झालेल्या, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ जणांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ६० जणांच्या मेंदूत, सूचना पाळत असल्याच्या खुणा दिसल्या. घरी आजी विचारेल, "हाई शिकीसन काय व्हई?" तिला हे साठ जण सांगा. माझ्या आजीला ते लगेच कळलं. काही प्राध्यापकांना कळायला वेळ लागला.

मार्गदर्शक निवडताना पगार, इमारत, परदेशवारी मागाहून बघा. त्यांना विचारा, "सर, कोणता निकाल आला तर तुमची कल्पना चुकीची ठरेल?" जे चिडतात त्यांच्याकडे जाऊ नका. या क्षेत्रातल्या मोठ्या लोकांना हा प्रश्न झेपतो. कॉखनी १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट होईल. २०२३ साली ते हरले आणि सर्वांसमोर वाइन दिली. २०२५ साली दोन प्रमुख सिद्धांतांची २५६ लोकांवर समोरासमोर चाचणी छापून आली, तर दोघांचेही काही महत्त्वाचे अंदाज फसले. एखाद्या सिद्धांताचा झेंडा आत्ताच खांद्यावर घेऊ नका.

कामाचा रोजचा भाग मात्र वेगळाच असतो. ईईजीच्या टोपीखाली एकेका इलेक्ट्रोडमध्ये जेल भरत बसायचं. केसांना तेल असेल तर विजेचा रोध (अडथळा) उतरतच नाही, म्हणून आदल्या दिवशीच सांगायचं : डोकं धुऊन या, तेल लावू नका. आपल्याकडची माणसं पाहुण्यासारखी चापूनचोपून तेल लावून येतात. घाम आला की रेघ हळूहळू वर-खाली वाहवत जाते, तेव्हा मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत डेटा घेऊच नका. हे पुस्तकात एका ओळीत असतं, पण महिने यातच जातात. त्याने खचू नका, सगळ्यांचेच जातात.

जवळ प्रयोगशाळा नाही म्हणून वाट बघायचंही कारण नाही. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर खऱ्या प्रयोगांचा डेटा फुकट आहे, तो तपासायचं एमएनई-पायथन हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. चोपड्यात किंवा शहाद्यात बसून एक डेटासेट उतरवा, 'दिसलं' आणि 'दिसलं नाही' वेगळं करा आणि बटण कुठे लपलंय ते शोधा. त्याचं दोन पानी टिपण मार्गदर्शकाला पाठवायच्या मेलला जोडलंत तर ते गुणपत्रिकेपेक्षा जास्त वाचलं जातं. इंग्रजी साधं असू द्या. मराठी माध्यमातून आलो याची माफी मागणारं वाक्य खोडून टाका.

बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्यातच जातात आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. कॉलेजच्या सरांना किंवा मॅडमना दिवाळीच्या सुट्टीआधी गाठा आणि ते दोन पानी टिपण त्यांच्या हातात द्या, म्हणजे पत्रात लिहायला त्यांच्याकडे काहीतरी असेल.