फ्रेंचमधला पूर्ण भविष्यकाळ मराठीच्या वाटेने कसा शिकावा

मराठवाड्यात घरी येणारे माणूस वेळेवर पोचले नाही की दारात बसलेली आजी म्हणते, ‘गाडी हुकली असंल.’ फ्रेंच माणूस अशा वेळी म्हणतो, ‘ईलोरा माँके ल त्रँ.’ दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे: मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक रूप आणि त्याच्या जोडीला भविष्यकाळातले साहाय्यक क्रियापद. फ्रेंच व्याकरण या रूपाला ‘फ्यूत्यूर आँतेर्यर’ म्हणते आणि आपण त्याला पूर्ण भविष्यकाळ म्हणू. छत्रपती संभाजीनगरात फ्रेंच शिकवताना माझ्या असे लक्षात आले आहे की हा काळ इंग्रजीच्या आधाराने शिकणारी मुले जिथे अडखळतात, तिथे मराठीतून विचार करणारी मुले सहज पुढे जातात. म्हणून हे मार्गदर्शन पूर्णपणे मराठीच्या वाटेने केले आहे.

उच्चारांविषयी आधी दोन गोष्टी सांगतो. पुढील फ्रेंच शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. त्यातला ‘झ’ हा फ्रेंच ‘जे’ या अक्षराचा घर्षक उच्चार समजावा, तर ‘ज’ हा ‘जरा’ या शब्दातल्यासारखा दाताजवळचा समजावा. जिथे लेखनाचा प्रश्न येतो तिथे अक्षरे वेगळी सांगितली आहेत.

रूप बनवण्यासाठी ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या दोन साहाय्यक क्रियापदांपैकी एकाचा साधा भविष्यकाळ घ्यावा आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे ‘गेला’, ‘लिहिले’ यांसारखे रूप, ठेवावे. ‘आव्वार’ची रूपे अशी चालतात: झोरे, त्यू ओरा, ईलोरा, नूजोरों, वूजोरे, ईलजोरों. ‘एत्र’ची रूपे अशी: झ सरे, त्यू सरा, ईल सरा, नू सरों, वू सरे, ईल सरों. इथे कान देऊन ऐकले तर एक मोठी सोय सापडते, ती म्हणजे लेखनात रूपे सहा असली तरी शेवटचे स्वर तीनच आहेत. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांचा शेवट ‘रे’, ‘तू’ आणि ‘तो’ यांचा ‘रा’, ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांचा ‘रों’. बोलताना तीन आवाज पक्के करावेत आणि लिहिताना सहा शेवट. ही दोन कामे वेगवेगळ्या दिवशी केली तर गोंधळ होत नाही.

धातुसाधितांचे नियम थोडक्यात आटोपतात. ‘पार्ले’ (बोलणे) गटातल्या क्रियापदांचे धातुसाधित उच्चारात मूळ रूपासारखेच राहते, फक्त शेवटच्या ‘ई-आर’ या अक्षरांच्या जागी डोक्यावर चिन्ह असलेला ‘ई’ येतो. ‘फिनीर’चे (संपवणे) ‘फिनी’ होते आणि ‘वाँद्र’चे (विकणे) ‘वाँद्यू’. अनियमित रूपे मात्र पाठच करावी लागतात: करणे ‘फे’, घेणे ‘प्री’, ठेवणे ‘मी’, सांगणे ‘दी’, लिहिणे ‘एक्री’, पाहणे ‘व्यू’, वाचणे ‘ल्यू’, पिणे ‘ब्यू’, उघडणे ‘ऊवेर’, असणे ‘एते’. ज्याने आधी फ्रेंच पूर्ण भूतकाळ नीट केला आहे, त्याला यातले काहीही नवे नाही.

आता साहाय्यक कोणते घ्यावे हा खरा प्रश्न येतो आणि इथे मराठी फार उपयोगी पडते. ‘मी गेलो असेन’, ‘ती गेली असेल’, ‘ते गेले असतील’ ही वाक्ये पाहा. क्रियापद अकर्मक आहे, ‘असणे’ हे साहाय्यक कर्त्याप्रमाणे बदलते आणि ‘गेलो, गेली, गेले’ हेही कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. फ्रेंचमधली जाणे, येणे, पोचणे, निघणे, आत शिरणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, जन्मणे, मरणे, राहणे, पडणे, परतणे ही क्रियापदे नेमकी अशीच चालतात. ती ‘एत्र’ घेतात आणि त्यांचे धातुसाधित कर्त्याशी जुळते. ‘एल सरा पार्ती’ म्हणजे ‘ती निघाली असेल’. लिहिताना ‘पार्ती’च्या शेवटी स्त्रीलिंगाचा ‘ई’ हवा, तो ऐकू येत नसला तरी. मात्र प्रत्येक अकर्मक क्रियापद या यादीत आहे असे समजू नये. झोपणे, चालणे आणि धावणे ही क्रियापदे ‘आव्वार’ घेतात: ‘झोरे दोर्मी’, म्हणजे ‘मी झोपलो असेन’.

चढणे आणि उतरणे यांच्याजवळ थोडे थांबण्यासारखे आहे. मराठी माणूस वर चढतो, पण सामान वर चढवतो. गाडीतून उतरतो, पण पेट्या उतरवतो. कर्म आले की आपण क्रियापदच बदलतो. फ्रेंच भाषा क्रियापद तेच ठेवते आणि साहाय्यक बदलते: ‘झ सरे मोंते’ म्हणजे ‘मी वर चढलो असेन’, तर ‘झोरे मोंते ले बागाझ’ म्हणजे ‘मी सामान वर चढवले असेल’. म्हणून मनात ‘चढवणे, उतरवणे, बाहेर काढणे’ असे प्रयोजक रूप आले की लगेच ‘आव्वार’ घ्यावे. ही खूण मी वर्गात सांगितल्यापासून या क्रियापदांतल्या चुका बऱ्याच कमी झाल्या आहेत.

सकर्मक क्रियापदांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ‘मी पत्र लिहिले असेल’, ‘त्यांनी पत्र लिहिले असेल’ या वाक्यांत आपले साहाय्यक कर्माच्या मागे जाते, म्हणून कर्ता बदलला तरी ‘असेल’ तसेच राहते. फ्रेंचमध्ये साहाय्यक नेहमी कर्त्याचेच ऐकते: ‘झोरे एक्री ला लेत्र’, ‘ईलजोरों एक्री ला लेत्र’. धातुसाधित मात्र कर्म आधी आले तरच कर्माशी जुळते. ‘ला लेत्र क झोरे एक्रीत’, म्हणजे ‘मी लिहिलेले असेल ते पत्र’, या रचनेत पत्र हा फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी शब्द आधी येतो, म्हणून ‘एक्री’चे ‘एक्रीत’ होते आणि शेवटचा ‘त’ स्पष्ट ऐकू येतो.

नकार आणि स्ववाचक क्रियापदे यांना फार वेळ लागत नाही. नकाराचे दोन तुकडे साहाय्यकाच्या दोन बाजूंना बसतात: ‘झ नोरे पा फिनी’, म्हणजे ‘माझे संपलेले नसेल’. स्ववाचक क्रियापदे, म्हणजे कर्त्याची क्रिया स्वतःकडेच वळते अशी, नेहमी ‘एत्र’ घेतात: ‘झ म सरे लवे’, म्हणजे ‘मी उठलो असेन’.

या काळाचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग म्हणजे भविष्यातल्या दोन घटनांपैकी आधी पूर्ण होणारी घटना दाखवणे. कन्नड गावाच्या बाजूची एक विद्यार्थिनी वेरूळला फ्रेंच प्रवाशांना लेणी दाखवण्याचा सराव करत होती. कैलास लेणे पाहून झाल्यावर, शहराकडे परतताना वाटेत लागणाऱ्या दौलताबादच्या किल्ल्यावर जायचे, एवढेच तिला सांगायचे होते. तिने इंग्रजी वाक्य मनात धरले आणि ‘काँ वूजावे व्यू’ अशी सुरुवात केली, ज्याचा अर्थ ‘तुम्ही पाहिले तेव्हा’ असा होतो. इंग्रजी अशा ठिकाणी भविष्यकाळ टाळते. फ्रेंच तो टाळत नाही. बरोबर वाक्य असे आहे: ‘काँ वूजोरे व्यू ला ग्रोत सेज, नूजीरों आ दौलताबाद.’ म्हणजे सोळाव्या क्रमांकाचे, अर्थात कैलास लेणे तुमचे पाहून झाले की आपण दौलताबादला जाऊ. मराठीतले ‘पाहून झाले की’, ‘पोचल्याबरोबर’, ‘एकदा का संपले की’ असे शब्द मनात आले आणि पुढचे वाक्य भविष्यातले असले, तर ‘काँ’, ‘दे क’, ‘यून फ्वा क’ यांच्यामागे बहुतेक वेळा हाच काळ येतो.

दुसरा उपयोग मुदतीचा आहे. ‘आवाँ मिदी, नूजोरों फिनी’, म्हणजे ‘दुपारी बाराच्या आत आमचे संपलेले असेल’. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्यावरून मी वर्गात हे वाक्य देतो की १७ सप्टेंबर २०४८ रोजी ‘साँताँ स सरों एकूले’, म्हणजे ‘शंभर वर्षे लोटलेली असतील’. वर्षे अनेक आहेत, म्हणून ‘एकूले’च्या शेवटी अनेकवचनाचा ‘एस’ लिहावा.

तिसरा उपयोग आजीच्या वाक्यातला, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीविषयीच्या तर्काचा. रूप भविष्याचे असले तरी घटना भूतकाळातली असते, आणि मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक असा तर्क ‘ईला द्यू माँके ल त्रँ’ या रचनेनेही वारंवार करतात, म्हणून ऐकताना दोन्ही ओळखता यायला हवीत.

एका ठिकाणी मराठीची वाट सोडावी लागते. ‘तुझे काम झाले असेल तर’ या वाक्यात आपण ‘असेल’ वापरतो, पण ‘जर’ या अर्थाच्या ‘सी’ या शब्दामागे फ्रेंच भविष्यकाळ चालत नाही. तिथे पूर्ण भूतकाळ घ्यावा: ‘सी त्यू आ फिनी’.

शेवटी लेखनातली एक चूक सांगतो, कारण ती एकाच अक्षराची आहे आणि अर्थ पार उलटवते. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रवाशांच्या गटप्रमुखाला ‘आवाँ मिदी, झोरे आश्ते ले बिये’ असा निरोप पाठवला, म्हणजे दुपारी बाराच्या आत तिकिटे काढलेली असतील. पण ‘झोरे’च्या शेवटी त्याने एक ‘एस’ जास्त लिहिला आणि वाक्याचा अर्थ ‘तिकिटे काढली असती’ असा झाला. उत्तर आले की मग काढली का नाहीत. उच्चारात हा फरक अनेक फ्रेंच लोक करतच नाहीत, म्हणून कानावर भरवसा ठेवू नये. लिहिण्यापूर्वी ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घालून पाहावे: ‘नूजोरों’ बसत असेल तर ‘असतील’चा अर्थ आहे आणि ‘एस’ नको, ‘नूजोर्यों’ बसत असेल तर ‘असती’चा अर्थ आहे आणि ‘एस’ हवा.