चरबी उतरवायची असेल तर धावायचं कसं

माझ्याकडे धावायला शिकायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो: धावल्याने चरबी उतरते की उलट भूक वाढून सगळं मुसळ केरात जातं? उतरते. पण किती उतरेल, हे धावण्याच्या पाऊण तासापेक्षा उरलेला दिवस तुम्ही कसा घालवता यावर जास्त ठरतं.

आधी हिशेब बघा. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी लागते. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाने ५ किलोमीटर धावलं की ३५० च्या आसपास. वेग वाढवला तरी हा आकडा फारसा हलत नाही, अंतर लवकर संपतं इतकंच. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे एक किलोसाठी पाच-पाच किलोमीटर २२ वेळा धावायचं, आणि तेही खाण्यात काहीही वाढ न करता. आठवड्यातून चारदा धावलात तर साडेपाच आठवडे. हे मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण आठवड्याला दोन किलोची आशा धरून आलेला माणूस महिन्याभरात धावणं सोडून देतो.

त्यातही शरीर आपल्या परीने खर्च आवरतं घेतं. मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या हाद्झा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला होता. २०१२ साली ते निष्कर्ष आले. दिवसभर पायपीट करणाऱ्या या लोकांचा एकूण खर्च, शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. म्हणून घड्याळावर दिसणारा कॅलरीचा आकडा खायची परवानगी समजू नका.

धावणं आडवं येतं ते इथेच. माझ्या गटातल्या एक ताई मनापासून धावायच्या, एकही खाडा नाही, पण कंबर जागची हलेना. मी त्यांना दिवसभराची नोंद ठेवायला सांगितली. खाणं ठीकच होतं. पण सकाळी जोरात धावून आल्यामुळे दुपारी अंग गळून जायचं, जिन्याऐवजी लिफ्ट, कोपऱ्यापर्यंत जायलाही गाडी, संध्याकाळी सोफा. सकाळी कमावलेलं दिवसभरात परत जात होतं. आम्ही त्यांचा वेग उतरवला, एक कठीण दिवस काढून टाकला आणि संध्याकाळचं चालणं परत सुरू केलं. मग टेप हलायला लागली.

तेव्हा हळू धावा. किती हळू? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, मध्येच श्वासासाठी थांबावं न लागता. दोन-दोन शब्दांत उत्तरं यायला लागली की वेग जास्त झालाय. अगदी नवखे असाल तर एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास. धावणारं मिनिट हळूहळू लांबवा. ट्रेडमिलवर ‘फॅट बर्न’ म्हणून जो पट्टा दाखवतात, त्यासाठी मी हे सांगत नाही. कमी वेगात इंधनातला चरबीचा वाटा जास्त असतो हे खरं, पण महिनाभराने हिशेब एकूण कॅलरींचाच होतो. हळू धावल्यावर उद्या परत धावता येतं, नडग्या आणि गुडघे कुरकुरत नाहीत, आणि दिवसभर पाय मोकळे राहतात. माझ्या लेखी ते जास्त मोलाचं आहे. पाया पक्का झाला की आठवड्यातून एकदा वेगाचा दिवस ठेवा, त्याहून जास्त नको.

उपाशीपोटी धावावं का? सोसत असेल तर धावा, पण चरबी जास्त उतरेल म्हणून नको. व्यायामाचे संशोधक ब्रॅड शोएनफेल्ड यांच्या २०१४ च्या अभ्यासात २० तरुणींनी चार आठवडे सारखाच आहार घेतला. निम्म्या उपाशीपोटी व्यायाम करत, निम्म्या खाऊन. घटलेल्या चरबीत लक्षणीय फरक आढळला नाही.

जाड जॅकेट घालून घाम काढणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी ते उतरवायला लावते. घाम म्हणजे पाणी. प्यायलात की वजन परत. २०१४ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी गणित मांडलं होतं: १० किलो चरबी जळली की त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्याचं पाणी होतं.

आता ज्याकडे धावणारे हमखास पाठ फिरवतात ते. खाणं कमी आणि नुसतं धावणं, यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. बैठका, भिंतीला किंवा जमिनीला टेकून जोर, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, एवढ्यावर सुरुवात होते. प्रथिनं पुरेशी घ्या. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे १.६ ग्रॅम हा आकडा मी धरते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रगती वजनकाट्यावर मोजू नका. धावायला लागल्यावर स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सुरुवातीला काटा वरही जातो. पोटाच्या आतली चरबी मात्र वजन तेच असतानाही घटू शकते. म्हणून टेप घ्या. सकाळी, काही खायच्या आधी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरा, सहज श्वास सोडा, पोट आत न ओढता आकडा लिहा. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी.

सहा आठवड्यांत घेर जराही कमी झाला नाही तर लगेच अंतर वाढवायला जाऊ नका. आधी आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहा, येता-जाता तोंडात टाकलेलंही. झोप किती होते ते बघा, आणि धावणं सुरू केल्यापासून चालणं घटलंय का ते तपासा. यातलं काहीच सापडलं नाही, तरच आठवड्यात एक सावकाश धाव वाढवा.