कुत्र्याला गाडी लागू नये म्हणून काय करावं

आमच्या बुंदीला पहिल्यांदा पुण्याहून गुहागरला नेलं, तेव्हा कात्रजच्या बोगद्यातच ती सारखी ओठ चाटायला लागली. मागे बसलेल्या आईला वाटलं, भूक लागली असेल. तिने दोन बिस्किटं दिली. खंबाटकीच्या वळणांवर ती बिस्किटं, रात्रीची पोळी आणि पिवळा फेस असं सगळं सीटवर आलं आणि सीटच्या फटीत उतरलं. पुढे कुंभार्ली घाट शिल्लक होताच.

ओठ चाटणं ही भूक नव्हती, मळमळ होती. आता ती खूण लगेच कळते. सारख्या जांभया, घोट गिळल्यासारखं करणं, तोंडातून लाळेची तार लोंबणं, धाप, अस्वस्थ कुईकुई ही सगळी त्याच घरातली भावंडं. उलटी होण्याच्या बऱ्याच आधी कुत्रं हे सांगत असतं.

आधी परीक्षा: कान की भीती?

कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती म्हणते ‘आपण हलतोय’, डोळ्यांना मात्र समोरची सीट स्थिर दिसते. या विसंवादातून मळमळ सुरू होते. पिल्लांमध्ये ही यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, त्यामुळे त्यांना गाडी जास्त लागते. वर्षभराची झाली की बऱ्याच जणांचा त्रास आपोआप कमी होतो.

पण काही कुत्र्यांची लाळ गाडी सुरू व्हायच्या आधीच गळू लागते. हा कानाचा दोष नाही, ही भीती. गाडी म्हणजे इंजेक्शन किंवा गाडी म्हणजे मागच्या वेळची उलटी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून उभ्या गाडीत कुत्र्याला दहा मिनिटं बसवून बघा. तिथेच थरथर आणि लाळ सुरू झाली तर आधी भीतीवर काम करायचं. वळणं लागल्यावरच त्रास होत असेल तर कान. बुंदीला दोन्ही होतं.

तीन आठवडे आधी: गाडीशी मैत्री

लोक निघायच्या आदल्या दिवशी गोळी शोधत फिरतात. खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू करावं लागतं.

पहिले काही दिवस गाडी बंद, दारं उघडी, आणि जेवणाचं ताट मागच्या सीटवर. खाऊन उतरली तर उतरू द्या, ओढून बसवू नका. ती आपणहून उडी मारून चढायला लागली की दार लावा. मग इंजिन सुरू करून नुसतं उभं राहा. त्यानंतर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत, मग पाच मिनिटं, मग पंधरा. प्रत्येक फेरी तिला आवडणाऱ्या जागी संपली पाहिजे. आम्ही कोथरूडला राहतो, त्यामुळे वेताळ टेकडीचा पायथा सोयीचा पडला. लाळ दिसली की एक पायरी मागे यायचं. आम्ही इंजिनच्या पायरीवर आठ दिवस अडकलो होतो आणि शेजारचे काका रोज विचारायचे, ‘गाडी बंद पडलीय का?’

बैठक

कुत्र्याची जागा मागच्या सीटवर मधोमध. पुढच्या सीटवर नाही; अपघातात एअरबॅग उघडली तर ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस, घालून तो सीटबेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नको, जोराचा ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. पिंजऱ्याची सवय असेल तर तोही उत्तम, पण तो घट्ट बांधलेला हवा.

सीट घसरडी असेल तर कुत्रं प्रत्येक वळणावर पाय रोवत राहतं आणि त्याने मळमळ वाढते. आम्ही खाली रबरी मॅट आणि वर चार पदरी सतरंजी घालतो. बाजूच्या काचांवर पातळ फडकं लावा, म्हणजे भराभर मागे पळणारी झाडं दिसणार नाहीत. समोरची काच मात्र दिसू द्या. खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा. डोकं बाहेर काढू देऊ नका, डोळ्यात खडा जातो.

गाडीतलं अत्तर आणि आरशाला लटकवलेली कापराची पिशवी काढून टाका. आपल्याला जो मंद सुवास वाटतो, तो कुत्र्याच्या नाकाला असह्य असतो. शिवाय कापूर चघळला तर विषबाधा होते.

पोट

आम्ही पहाटे पाचला निघतो. आदल्या रात्री आठला हलकं जेवण आणि सकाळी काही नाही. ज्यांना दुपारी निघायचंय त्यांनी शेवटच्या जेवणानंतर निदान चार-सहा तास जाऊ द्यावेत. लहान पिल्लं आणि अगदी छोट्या जातीची कुत्री याला अपवाद. त्यांच्या रक्तातली साखर लवकर उतरते, तेव्हा त्यांना किती वेळ उपाशी ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा. पाणी तोडू नका, दर थांब्यावर थोडं थोडं पाजा.

घाटात माणसांना देतो ते आलेपाक, आवळासुपारी, चघळायच्या गोळ्या यातलं काहीही कुत्र्याला नको. बिनसाखरेच्या गोळ्यांमध्ये झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्यांना घातक असतं. मनुके आणि चॉकलेटही नाही. हे सगळं आईला दोनदा सांगावं लागतं.

औषध

उलटी थांबवणारं मॅरोपिटंट नावाचं औषध कुत्र्यांसाठीच बनवलेलं आहे. ते निघायच्या किमान दोन तास आधी, अगदी रिकाम्या पोटी नाही, एखाद्या घासाबरोबर देतात. प्रवासासाठी त्याची मात्रा साध्या उलट्यांच्या मात्रेच्या कितीतरी जास्त असते, आणि पिल्लू निदान 16 आठवड्यांचं लागतं. म्हणून मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. वजन करून डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या. हे औषध उलटी थांबवतं, भीती नाही. भीतीवरची औषधं वेगळी असतात, आणि ती प्रवासाआधी एकदा घरी देऊन बघावीत. स्वतःसाठी घेतो त्या घाटाच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत.

रस्त्यावर

सगळ्यात मोठं औषध चालवणाऱ्याच्या उजव्या पायात असतं. मागच्या सीटच्या पायथ्याशी भरलेली पाण्याची बाटली उभी ठेवा. वळणावर ती आडवी झाली तर तुमचा वेग कुत्र्यासाठी जास्त आहे. ब्रेक वळणाच्या आधी, हळूच.

दर दीड-दोन तासांनी उतरवा. आम्ही उंब्रजला महामार्ग सोडल्यावर एकदा थांबतो आणि पुढे घाट सुरू व्हायच्या आधी कोयनानगरला वीस मिनिटं. जमिनीवर नीट चाललं की डोकं ताळ्यावर येतं. दार उघडायच्या आधी साखळी हातात घ्या. घाटात माकडं असतात, आणि माकड दिसलं की आमची बुंदी मळमळ विसरते.

मिसळ खायला सगळे उतरलात तर कुत्रं गाडीत ठेवू नका. बाहेर 24 अंश असलं तरी बंद गाडीत दहा मिनिटांत साधारण 34 अंश होतात. मे महिन्यात चिपळूणला काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा. आम्ही आळीपाळीने खातो.

उलटी झालीच तर

गाडी बाजूला घ्या. ओरडू नका, नाहीतर तीन आठवड्यांची मैत्री तिथेच संपते. जुनी वर्तमानपत्रं, दोन टॉवेल आणि झाकणाचा डबा हाताशी हवा. तोंड पुसा, चार घोट पाणी द्या, पंधरा मिनिटं चालवा. लगेच खायला देऊ नका.

गाडी थांबून दोन-तीन तास झाले तरी उलट्या चालूच आहेत, उलटीत रक्त दिसतंय, किंवा कुत्रं मलूल पडलंय, तर डॉक्टर गाठा. पोट फुगलंय, उमासे येतायत आणि बाहेर काहीच पडत नाही, असं असेल तर एक मिनिटही थांबू नका. पोटाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तो जीव घेतो.

पोचल्यावर अर्ध्या तासाने पाणी, मग थोडा मऊ दहीभात.

परतीला हेच सगळं पुन्हा, त्यात एकाची भर. आदल्या संध्याकाळी समुद्रावर साखळी सोडायची नाही. गेल्या खेपेला बुंदीने वाळूत सापडलेला वाळका मासा कुणाच्या लक्षात यायच्या आत गिळला. दुसऱ्या दिवशी तो कुंभार्लीच्या चढावर, नेमका त्याच फटीत सापडला.