करिअरची पसंती आणि गुण: टीवाय बीकॉमच्या प्रकल्पासाठी पाहणी कशी कराल?

करिअरची पसंती आणि परीक्षेतले गुण यांचा संबंध हा वाणिज्य शाखेच्या प्रकल्पांतला नेहमीचा विषय. तो फसतो तो बहुधा आकडेमोडीत नव्हे, प्रश्नावलीत.

‘पुढे काय करायचंय?’ एवढंच विचारलंत तर जो तो सीए नाहीतर एमबीए लिहून मोकळा होतो. त्याऐवजी सहा वाटा द्या: सीए-सीएस, एमबीए, बँकेच्या व स्पर्धा परीक्षा, खासगी नोकरी, घरचा धंदा, स्वतःचा धंदा. त्यांना १ ते ६ क्रम लावायला सांगा. खाली एक प्रश्न हवाच: पहिल्या पसंतीसाठी आतापर्यंत काय केलंत? नोंदणी, क्लासची फी, परीक्षेचा अर्ज? नुसती हौस कुठली आणि ठरवून धरलेली वाट कुठली, ते इथे कळतं.

गुण आठवणीवर विचारू नका. गुणपत्रिका बघून भरायला सांगा. नाव नको, सांकेतिक क्रमांक पुरे. सीजीपीए घ्याच, पण अकाउंटन्सी, अर्थशास्त्र, कायदा यांचे गुण वेगळे घ्या, कारण सरासरीत विषयाची आवड बुजून जाते. सीजीपीए आणि टक्के एका रकान्यात मिसळू नका. एटीकेटीला स्वतंत्र रकाना.

सगळ्यात मोठी गफलत सीएवाल्यांचे गुण वाचताना होते. आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसातलं सक्तीचं प्रशिक्षण) चालू असली की दिवस ऑफिसात जातो आणि कॉलेजचा अभ्यास परीक्षेपुरता उरतो. गुण कमी दिसले तरी तो कुवतीचा पुरावा नव्हे. उलट पदवीनंतर थेट सीए इंटरमीजिएटला जायचं तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के लागतात, म्हणून तो विद्यार्थी टक्क्यांच्या मागे असतो. दोघांना एका गटात टाकलंत तर संबंध पुसूनही जाऊ शकतो. शिवाय फॉर्म फक्त तासाला वाटलेत तर आर्टिकलशिपवाले गळतात. त्यांना हॉलतिकिटाच्या दिवशी गाठा.

पसंती क्रमात आहे, तेव्हा एकेका वाटेचा क्रम आणि गुण यांचा स्पिअरमनचा सहसंबंध (क्रमांवरून काढलेला, -१ ते +१ मधला आकडा) काढा. १ म्हणजे सर्वाधिक पसंती, त्यामुळे उत्तर ऋण आलं तर ‘गुण जास्त, पसंती जास्त’ असा अर्थ होतो. इथे हमखास उलटं लिहिलं जातं. चिन्ह सोडून आकडा ३० जणांत साधारण ०.३६ च्या, १०० जणांत ०.२० च्या पुढे गेला तरच ५ टक्के पातळीवर (म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी) दखल घ्या. काय-स्क्वेअर (गटागटांतल्या संख्यांवरून संबंध तपासणारी चाचणी) करणार असाल तर अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर गटात येणारी संख्या) ५ च्या खाली येणारे गट एकत्र करा.

आवडीमुळे गुण की गुणांमुळे आवड, हे एकदाच घेतलेल्या पाहणीतून ठरत नाही. निदान पहिली पसंती कधी ठरली (बारावीआधी, एफवायला की एखाद्या निकालानंतर) ते विचारा आणि बारावीचे टक्केही नोंदवा.