ग्रोथ फॅक्टर देण्याआधीच बिघडणारे प्रयोग: या चुका टाळा

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी ईजीएफमुळे (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणारे प्रथिन) किती आक्रमक होतात, हे तपासणारे बरेचसे प्रयोग ईजीएफची बाटली उघडण्याआधीच बिघडलेले असतात. याचे पहिले कारण म्हणजे सीरम, म्हणजे मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणात) मिसळला जाणारा रक्ताचा द्रव भाग. मीडियममधील दहा टक्के सीरममध्येच अनेक ग्रोथ फॅक्टर असतात. त्यामुळे पेशीच्या आत वाढीचा संदेश पोहोचवणारे ईआरके आणि एकेटी हे मार्ग आधीच चालू असतात आणि वरून दिलेल्या ईजीएफचा परिणाम वेगळा दिसतच नाही.

एका विद्यार्थिनीच्या ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींच्या कंट्रोल लेनमधील (ईजीएफ न दिलेल्या नमुन्याच्या रांगेतील) फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे सक्रिय ईआरकेचा, पट्टा ईजीएफच्या लेनइतकाच ठसठशीत येत होता. तिने अँटिबॉडीला दोष दिला, नवी मागवली, तरी पट्टा तसाच राहिला. तेव्हा मी तिच्या शेजारी उभे राहून तिचे काम पाहिले. सकाळी सीरम काढून ती दुपारी लगेच ईजीएफ देत होती, आणि तेही सर्व वेल्समध्ये फ्रिजमधले ताजे मीडियम बदलून. मीडियम बदलण्याच्या आणि तापमानातील फरकाच्या धक्क्यानेही ईआरके काही काळ सक्रिय होतो, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. पेशी रात्रभर सीरमविना ठेवल्या, मीडियम न बदलता ईजीएफचे थोडेसे तीव्र द्रावण त्यातच मिसळले, कंट्रोलला तेवढाच नुसता बफर दिला आणि पाच व पंधरा मिनिटांनी प्लेट थेट बर्फावर ठेवली, तेव्हा कंट्रोलचा पट्टा फिका पडला. ब्लॉटसाठी पेशी उद्या गोळा करायच्या असतील, तर सीरम आज संध्याकाळीच निघाले पाहिजे, ही माझी सवय आहे. ती एक रात्र वाचवू पाहणारे नवशिके पुढे महिना घालवतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी चूक म्हणजे वाढ आणि आक्रमकता यांना एकच समजणे. स्क्रॅच, म्हणजे पेशींच्या थरात मुद्दाम पाडलेला ओरखडा, लवकर बुजला, एवढ्यावरून पेशी जास्त सरकल्या असे ठरत नाही. त्या नुसत्या विभागूनही रिकामी जागा भरतात. एमडीए-एमबी-४६८ पेशींवर ईजीएफआर (ईजीएफ ज्याला जोडले जाते ते रिसेप्टर) इतके जास्त असतात की नेहमीच्या मात्रेतील ईजीएफने त्यांची वाढ मंदावते, आणि तरीही त्याच ईजीएफने त्यांच्यातील व्हायमेंटिन हे प्रथिन वाढून त्या मेसेन्कायमल (सुट्या होऊन सरकणाऱ्या पेशींसारखे) वळण घेतात. केवळ एमटीटी (जिवंत पेशींचा अंदाज देणारी रंगचाचणी) करून थांबणाऱ्याला येथे नेमका उलटा निष्कर्ष मिळेल. म्हणून स्क्रॅचसोबत पेशींची मोजणी आणि मॅट्रिजेल लावलेले ट्रान्सवेल (पेशी जेलचा थर भेदून पलीकडे जातात का, हे पाहणारी चाचणी) मी सोडत नाही.

एमडीए-एमबी-२३१ पेशींमध्ये केआरएएस आणि बीआरएएफ या दोन्ही जनुकांत उत्परिवर्तने असल्याने ईआरके लिगंडविनाही (रिसेप्टरला जोडल्या जाणाऱ्या ईजीएफसारख्या रेणूविनाही) बराच सक्रिय असतो. तेथे फॉस्फो-ईआरके वाढला नाही, म्हणून ईजीएफआर निरुपयोगी असे लिहू नये. ईजीएफआरच्याच कुटुंबातील एचईआर२ या रिसेप्टरला स्वतःचा ज्ञात लिगंड नाही. हेरेग्युलिन हा ग्रोथ फॅक्टर त्याला नव्हे, तर त्याच कुटुंबातील एचईआर३ किंवा एचईआर४ ला जोडला जातो. एमसीएफ-७ सोबत फिनॉल रेड नसलेले मीडियम वापरावे, कारण त्या रंगद्रव्यातून इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम मिळतो. टीजीएफ-बीटा या ग्रोथ फॅक्टरने होणारे ईएमटी (पेशींनी मेसेन्कायमल रूप घेणे) काही मिनिटांत शोधू नये. त्याला दिवस लागतात.

पेशींची ओळख तपासण्याचा कंटाळा तर मुळीच चालणार नाही. स्तनाच्या म्हणून वर्षानुवर्षे वापरलेल्या एमडीए-एमबी-४३५ पेशी प्रत्यक्षात एम१४ या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) निघाल्या. त्यामुळे शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला फ्लास्क मी स्वीकारत नाही. पेशी पुण्याच्या एनसीसीएससारख्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) संग्रहातूनच घ्याव्यात आणि त्यांची एसटीआर चाचणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) काम सुरू करण्यापूर्वी करून घ्यावी.