देवाच्या नावांचा अर्थ लावायचाय? विग्रहापासून सुरुवात करा

संस्कृत नव्याने शिकणारी मंडळी मला हमखास विचारतात, "ताई, देवांच्या नावांचे अर्थ पाठ कुठून करू?" अर्थ पाठ करूच नका. वाईत मी शिकले तेव्हा आमच्या बाई आधी विग्रह, म्हणजे समासाची फोड, करायला लावायच्या, अर्थ मागोमाग यायचा.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातला गणपतीचा श्लोक घ्या:

विनायको विघ्नराजद्वैमातुरगणाधिपाः ।
अप्येकदन्तहेरम्बलम्बोदरगजाननाः ॥

आठ नावं आहेत. लम्बोदर, एकदन्त, गजानन हे बहुव्रीही: लम्बम् उदरं यस्य सः, ज्याचं पोट लांब आहे तो. ते ‘यस्य सः’ गाळलंत तर हाती नुसतं पोट उरतं, देव निसटतो. विघ्नराज म्हणजे विघ्नांचा राजा, षष्ठी तत्पुरुष. पण ‘राजन्’ची चतुर्थी ‘राज्ञे’, मग नामावलीत ‘विघ्नराजाय नमः’ कसं? तत्पुरुषाच्या शेवटी ‘राजन्’ आला की त्याचा अकारान्त, म्हणजे ‘अ’ने संपणारा, ‘राज’ होतो. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘राजाहःसखिभ्यष्टच्’. सातारकरांना उदाहरण शोधायला नको, ‘महाराज’ तसाच बनलाय.

द्वैमातुर म्हणजे दोन मातांचा पुत्र. नामाला प्रत्यय लावून नवा शब्द बनवणारं तद्धित प्रकरण शिकेपर्यंत एवढं पुरे.

विनायकापाशी मात्र थांबा. मानवगृह्यसूत्र या घरगुती विधींच्या प्राचीन ग्रंथात विनायक चार आहेत, आणि ते माणसाला पछाडतात. राजपुत्राला राज्य मिळत नाही, उपवर मुलीला नवरा मिळत नाही, म्हणून त्यांची शांती करायची. याज्ञवल्क्यस्मृतीत तो एकच विनायक होतो. हे वाचल्यावर ‘विघ्नराज’ मला खऱ्या अर्थाने कळला: ज्याची विघ्नांवर सत्ता आहे, तोच ती आणतो आणि तोच हटवतो. नुसत्या शब्दकोशाने हे हाती लागलं नसतं.

हेरम्बाचा अर्थ ब्रह्मवैवर्तपुराण ‘हे’ म्हणजे दीन, ‘रम्ब’ म्हणजे पालक, असा लावतं. अर्थ गोड आहे, पण ही पुराणाची निरुक्ती झाली, व्याकरणाची व्युत्पत्ती नव्हे. वहीत दोन्हींना वेगळे रकाने ठेवा.

मग अथर्वशीर्षाकडे वळा. वाईच्या ढोल्या गणपतीसमोर बसून आपण ते घडाघडा म्हणतो, पण ‘लम्बोदरायैकदन्ताय’ इथे दोन नावं जुळलीत हे किती जणांच्या लक्षात येतं? आधी संधी सोडवा, मग विभक्ती काढा, शेवटी समास. लगेच पुढे ‘विघ्ननाशिने’ येतं. त्याचं मूळ ‘विघ्ननाशिन्’, आणि ते चालवायला शब्दरूपावली, म्हणजे शब्दांच्या विभक्तिरूपांचं पुस्तक, उघडावीच लागते.